मोठ्याने वाचता न येणारा ग्रंथ : 'भीमायन'च्या निमित्ताने

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाच्या काळात, आमच्या विहारात दररोज सायंकाळी ग्रंथवाचन होते. परमपूज्य बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा त्या वाचनाचा कणा. एकाने वाचावे व इतरांनी ऐकावे, ही तेथील रीत. ज्यांच्या वाट्याला शाळा आली नाही अशा आमच्या आयाबहिणींनी याच रीतीने तो ग्रंथ कानांनी आत्मसात केला आहे. वाचणाऱ्याने एखादे वाक्य गाळले तर ते त्यांच्या लगेच ध्यानी येते. 'वाचन' या शब्दाचा आमच्याकडील अर्थ म्हणजे एकाचा कंठ आणि अनेकांचे कान.

या रीतीला एका सायंकाळी खीळ बसली. अभ्यासवर्गातील एका विद्यार्थ्याने 'भीमायन' हे इंग्रजी पुस्तक आमच्या हाती दिले आणि वाचनानंतर त्यातील काही भाग मराठीतून सांगावा, अशी विनंती केली. पुस्तक २०११ साली नवी दिल्लीच्या 'नवयान' प्रकाशनाने काढलेले. कथन श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांचे आणि चित्रे दुर्गाबाई व्याम व सुभाष व्याम या परधान गोंड कलावंत दांपत्याची. अशा पुस्तकास 'ग्राफिक नॉव्हेल' असे म्हणतात. यापूर्वी या जातीचा एकही ग्रंथ आम्ही वाचलेला नव्हता, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

ते पुस्तक आम्ही आदल्या रात्री वाचून घेतले होते. वाचून घेतले म्हणजे काय केले, तर पात्रांच्या तोंडाजवळ जे फुगे काढलेले असतात त्यांतील मजकूर एकामागून एक डोळ्यांखालून घातला. तासाभरात शेवटचे पान आले. शंभराच्या आसपास पाने आणि त्यांत शब्द इतके थोडे! बाबासाहेबांचे चरित्र इतक्या थोडक्यात उरकल्याबद्दल आमच्या मनात थोडी नाराजीही होती. तीच नाराजी मनात ठेवून आम्ही दुसऱ्या दिवशी विहारात बसलो आणि फुग्यांतील वाक्ये मराठीत करून मोठ्याने सांगू लागलो. 'आता मुलगा बोलतो', 'आता शाळेतला शिपाई बोलतो', 'आता ती बाई बोलते', असे प्रत्येक वाक्याआधी सांगावे लागे. पाच-दहा मिनिटांत श्रोत्यांची चुळबुळ सुरू झाली. तेव्हा पुढच्या रांगेतील एक वयोवृद्ध उपासिका म्हणाल्या, "सर, तुम्ही बोलूनच राहिले. पुस्तक इकडे करा ना, चित्र तर पाहू द्या."

पुस्तक त्यांच्या हाती गेले. त्यांना इंग्रजी येत नाही आणि मराठी अक्षरेही त्या लावून लावून वाचतात. एका पानावर त्यांचे बोट थांबले. तहानेने व्याकूळ झालेला बाल भीम तेथे आहे आणि त्याच्या धडाच्या जागी मासा काढलेला आहे. आदल्या रात्री त्या पानावरील शब्द वाचून आम्ही पुढे गेलो होतो. मासा आम्हांस नक्षीचा भाग वाटला होता. उपासिका क्षणभर थांबून म्हणाल्या, "पोराच्या पोटात मासोळी तडफडून राहिली. याला पाणी नाही भेटलं."

आम्ही त्या रात्री पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून उघडले.

'ग्राफिक नॉव्हेल'ला मराठीत 'चित्रकादंबरी' म्हणण्याचा प्रघात पडत आहे. पण तो शब्द येथे आम्हांस अडचणीचा वाटतो. कादंबरी म्हटले की कल्पित आले आणि प्रस्तुत पुस्तकाचा गाभा तर बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेली साक्ष आहे. इंग्रजीतही तो शब्द सैलच वापरला जातो. अमेरिकेतील विल आइस्नर यांच्या १९७८ सालच्या पुस्तकाने तो रूढ केला आणि आर्ट स्पीगलमन यांच्या 'माउस' या ग्रंथाला १९९२ साली पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाल्यावर त्याला प्रतिष्ठा आली. 'माउस' हीसुद्धा कादंबरी नव्हे. नाझींच्या छळछावणीतून वाचलेल्या आपल्या पित्याची हकीकत त्यात मुलाने चित्रांतून सांगितली आहे. आम्ही आपले 'चित्रग्रंथ' असे म्हणू.

बाबासाहेबांवरील चित्रमय पुस्तक म्हणून आपल्याकडे अनेकांच्या हाती पडले ते 'अमर चित्र कथा' मालिकेतील, १९७९ सालचे. त्याचा उपयोग झाला, नाही असे नाही. परंतु चौकोनामागून चौकोन, प्रत्येक चौकोनात एक प्रसंग आणि मध्यभागी एक नायक, असा तो साचा. डोळा चौकोनाच्या तालावर कवायत करीत पुढे सरकतो. 'भीमायन'मध्ये चौकोन नाहीत. पात्रांना चौकटीत कोंडले तर ती गुदमरतील, अशी या कलावंतांची भूमिका आहे आणि त्यांनी ती पुस्तकाच्या अखेरीस नोंदविलीही आहे. पानाचे विभाग पाडण्यासाठी त्यांनी 'दिगना'ची वळणे वापरली आहेत. घराच्या भिंतींवर व जमिनीवर गोंड स्त्रिया जी पारंपरिक नक्षी काढतात तिला दिगना म्हणतात. ती नागमोडी पट्टी पानातून वाहत जाते. कोठून वाचावे, हे ती सांगत नाही. वाचणाऱ्याने आपली वाट शोधावी.

येथेच आमच्यासारखा शब्दांवर पोसलेला वाचक अडखळतो. पण नीट विचार केला तर ही अडखळ आपल्या परंपरेला शोभणारी नाही. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात वेस्संतर जातकाची भिंत ज्यांनी पाहिली आहे त्यांना आठवेल की, तेथे एकच राजपुत्र एका भिंतीवर पुनःपुन्हा येतो आणि दोन प्रसंगांच्या मध्ये एखादा मंडपाचा खांब, एखादे द्वार किंवा एखादे झाड एवढेच असते. भारहूतच्या स्तूपावरील मृगजातकाचे वर्तुळ त्याहून जुने. एकाच वर्तुळात हरीण बुडणाऱ्या माणसाला पाठीवर घेऊन नदीतून बाहेर आणते आहे, राजा त्याच्यावर बाण रोखतो आहे आणि तोच राजा हात जोडून उभा आहे. तीन काळ, एक चौकट. शिवाय भारहूतच्या शिल्पकारांनी चित्राशेजारी ब्राह्मी लिपीत नावेही कोरली. जेतवनाच्या दानाचे शिल्प पाहा : जमिनीवर नाणी पसरलेली, अनाथपिंडिक उभा आणि खाली कोरलेली ओळ कोणी काय दिले ते सांगते. चित्र आणि अक्षर एकत्र वाचण्याची ही सवय आपल्या पूर्वजांना दोन हजार वर्षांपूर्वी होती. आपण ती हरवली आणि मग अमेरिकेतून नवे नाव घेऊन आली तेव्हा बिचकलो.

याहून नेमका दाखला पालि वाङ्मयात आहे. संयुत्तनिकायाच्या खंधसंयुत्तात 'गद्दुलबद्ध' नावाची दोन सुत्ते आहेत. त्यांपैकी दुसऱ्यात भगवान भिक्खूंना विचारतात की, 'चरण' नावाचे चित्र तुम्ही पाहिले आहे काय? ते चित्रही चित्तानेच योजिलेले असते आणि चित्त हे त्या चित्राहूनही अधिक चित्रविचित्र असते, असे ते पुढे सांगतात. पालित 'चित्त' हा एकच शब्द मन आणि चित्र या दोन्ही अर्थांनी येतो, त्यामुळे मूळ वचनाला जी गोडी आहे ती भाषांतरात उतरत नाही. अट्ठकथा सांगते की, काही ब्राह्मण पाखंडी पटावर सुगती-दुर्गतीची चित्रे काढवून, अमुक कर्म केले की अमुक फळ मिळते असे दाखवीत गावोगाव फिरत असत. म्हणजे चित्र दाखवून कथा सांगणारे फिरस्ते तेव्हाही होते आणि त्यांचे विषय बहुधा कर्मविपाकाचे भय घालणारे होते. आपल्या सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी ही त्याच जातीची कला. परधानांचे मूळ कामही कथनाचेच : बाना हे वाद्य वाजवून गोंड यजमानांच्या कुळकथा गाण्याचे. विदर्भातील वाचकांना हा समाज परका नाही. ज्यांच्या पूर्वजांनी दुसऱ्यांच्या पराक्रमाची गाणी गाइली त्यांनी बाबासाहेबांची तहान चितारावी, यात आम्हांस मोठे औचित्य दिसते.

आता ग्रंथाच्या आशयाकडे वळू. त्याचा आधार बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटेसे इंग्रजी आत्मकथन आहे. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते पुस्तिकारूपाने काढले आणि १९९३ साली महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात ते आले. अस्पृश्यता म्हणजे काय, हे दुरून पाहणाऱ्या परकीयांना कळत नाही, ते कळावे म्हणून हे प्रसंग सांगतो, असा त्या लेखनाचा हेतू बाबासाहेबांनीच आरंभी दिला आहे. म्हणजे त्या लेखनाचे पहिले वाचक आपण नव्हतो. 'भीमायन'चेही नाही. त्याचा आरंभ एका शहरातील बसथांब्यावर होतो. राखीव जागांबद्दल कुरकुर करणारा एक तरुण आणि त्याला बाबासाहेबांची हकीकत सांगणारी एक स्त्री, असा तो संवाद आहे. २००६ सालचे खैरलांजीचे हत्याकांड त्यात येते, वर्तमानपत्रांतील अत्याचारांच्या बातम्याही मधूनमधून येतात. हा सारा खटाटोप त्या तरुणासाठी आहे. आपल्या विहारातील उपासिकेला खैरलांजी समजावून सांगावी लागत नाही.

आणि पुस्तकाचा दुबळा भाग हाच आहे. बसथांब्यावरील संवाद बोलका आहे, गरजेपेक्षा अधिक बोलका. प्रश्न सोयीचे, उत्तरे तयार. बाबासाहेबांचे मूळ गद्य याच्या अगदी उलट वळणाचे आहे. १९०१ सालचा मसूर ते गोरेगाव हा प्रवास आठवावा. सुभेदार रामजी दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने चालविलेल्या तलावाच्या खोदकामावर रोखपाल होते आणि त्यांना भेटायला निघालेल्या लेकरांना वाटेत रात्रभर पाण्याचा थेंब मिळाला नाही. शिदोरी जवळ असून ती खाता आली नाही. बाप तलावावर आणि पोरे तहानलेली! हे बाबासाहेब एकामागून एक वस्तुस्थिती मांडीत सांगतात, विशेषणे लावीत नाहीत. वाचणाऱ्याच्या घशाला कोरड पडते ती त्या संयमामुळे.

दुर्गाबाई व सुभाष व्याम यांच्या चित्रांनी हा संयम ओळखला आहे, असे आम्ही म्हणू. रडणारी पोरे काढून त्यांनी कोणाची करुणा मागितली नाही, मासा काढला. मासा पाण्याविना जगत नाही, एवढेच. मग तोच मासा पुढे महाडच्या प्रकरणात भेटतो आणि तेव्हा त्याला पाणी आहे. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे (२० मार्च १९२७) ते प्रकरण वाचताना एका चित्रापाशी आम्ही बराच वेळ थांबलो : बाबासाहेब बोलत आहेत आणि ध्वनिक्षेपकांचे कर्णे पाण्याचे फवारे होऊन जनसमुदायावर शिंपण करीत आहेत. शब्द पाणी झाला आहे. आगगाडी येथे सर्प होते, किल्ला हिंस्र श्वापदाचे रूप घेतो. हे अलंकार शहरी चित्रकाराला सुचले असते तर कदाचित ओढूनताणून आणलेले वाटले असते. व्यामांच्या जगात माणूस, झाड आणि जनावर यांच्यामध्ये कुंपणच नाही, त्यामुळे ते सहज येतात.

बडोद्याचे प्रकरण सर्वांत सरस आहे. १९१७ साली परदेशातील विद्यार्जन आटोपून आलेल्या बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले, मित्रांनी आसरा दिला नाही आणि रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचे सुमारे पाच तास त्यांनी कामाठी बागेत काढले. ते स्थळ आज संकल्पभूमी म्हणून आपल्या बांधवांच्या श्रद्धेचा विषय आहे. मूळ लेखनात बाबासाहेब म्हणतात की, तेथे बसून असताना त्यांना आईबापांची आठवण आली, निराधार मुलांना यावी तशी. चित्रात त्यांचे शरीर आणि बाग यांची सीमा पुसली जाते. ज्याला शहरात छप्पर मिळाले नाही तो माणूसच बाग होतो. या पानावर बोलण्यासारखे फार नाही आणि ग्रंथकारांनीही ते जाणले आहे.

फुग्यांच्या बाबतीत मात्र आमचा मतभेद आहे. या ग्रंथात बोलण्याच्या फुग्यांचे आकार ठरलेले आहेत. सौम्य, प्रेमळ किंवा सोसणाऱ्या माणसाचे शब्द पक्ष्याच्या आकारात. जातीचे विष ओकणारे शब्द विंचवाच्या नांगीच्या फुग्यात. मनातले विचार असतील तर तेथे मनाच्या डोळ्याची खूण. कल्पना मोहक आहे, लहान मुलांना ती क्षणात कळते. पण जातीचे विष नेहमी नांगी घेऊन येते काय? मसूरचा स्टेशनमास्तर आधी पोरांची आपुलकीने चौकशी करतो, 'महार' हा शब्द ऐकताच त्याचा चेहरा पालटतो, तो निघून जातो आणि अर्ध्या तासाने परत येऊन दुप्पट भाड्याची व पोरांनीच हाकायची का होईना, पण गाडी मिळण्याचा मार्ग तोच काढतो. हा मनुष्य पक्षी की विंचू? बडोद्याचा हिंदू मित्र तर रागाने काही बोललाच नाही. तुम्ही घरी आलात तर नोकर निघून जातील, एवढीच आपली अडचण त्याने सभ्यपणे सांगितली. हे वाक्य कोणत्या फुग्यात घालावे? धम्मात वाणीच्या दुश्चरितांचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतील फरुसवाचा, म्हणजे कठोर वाणी, हा एक. ही नांगी त्या एकाच प्रकाराला शोभते. आपल्या वाट्याला आलेल्या नकारांपैकी कितीतरी नकार मृदू आवाजात आले, चहा विचारून आले. आजही भाड्याची खोली नाकारणारा घरमालक शिव्या देत नाही. 'घरच्यांशी बोलून कळवतो' म्हणतो. विष ओळखण्याची जी कला बाबासाहेबांचे गद्य शिकविते ती येथे फुग्याच्या आकाराने आधीच उरकून टाकली आहे.

शीर्षकाबद्दलही बोलले पाहिजे. 'भीमायन' म्हटले की 'रामायण' आठवते आणि तसे ते आठवावे अशीच योजना असणार. ज्या बाबासाहेबांचे 'रिडल्स इन हिंदुइझम' १९८७ साली शासनाने प्रसिद्ध केल्यावर त्यातील राम-कृष्णांवरील परिशिष्टावरून केवढे वादळ उठले, त्यांच्या चरित्राला त्याच महाकाव्याच्या नावाचा साचा द्यावा, हे आम्हांस रुचले नाही. बाबासाहेबांची वाट यानाची आहे, अयनाची नव्हे. (नवयान प्रकाशनाने तरी हा श्लेष हेरायला हवा होता!) ग्रंथाचे तीन विभाग आहेत : पाणी, निवारा आणि प्रवास. धम्म असा विभाग नाही. अस्पृश्यतेचे अनुभव एवढीच मर्यादा ग्रंथकारांनी घालून घेतली आहे, हे मान्य केले तरी आपल्या वाचकाला ते रिकामेपण जाणवल्यावाचून राहणार नाही.

विहारात आणखी एक आक्षेप निघाला, तो सांगणे आवश्यक आहे. एक ज्येष्ठ उपासक पुस्तक चाळून म्हणाले, "हे आमचे बाबासाहेब नाहीत. चेहरा एका बाजूने, डोळा केवढा मोठा. मूळ फोटो आहेत की घरोघरी." त्यांच्या बोलण्यात दुखावलेपण होते आणि ते आम्ही हसण्यावारी नेले नाही. निळा सूट, हातात संविधान, उंचावलेले बोट, ही प्रतिमा आपण मिळवलेली आहे. कित्येक ठिकाणी तिच्यासाठी मार खाल्ला आहे. ती कोणी गमतीने बदलू पाहील तर समाज ते सहन करणार नाही. आम्ही त्यांना सांचीची आठवण दिली. सांचीच्या पहिल्या शिल्पकारांनी भगवंतांची मूर्ती कोरलीच नाही. बोधिवृक्ष, रिकामे आसन, पदचिन्हे, एवढ्यावर त्यांनी भागविले आणि त्यामुळे त्यांची श्रद्धा कोणी उणी मानली नाही. सादृश्य आणि श्रद्धा यांचे नाते आपण समजतो तितके घट्ट नाही. ते उपासक म्हणाले, "ते बुद्धांचं झालं. बाबासाहेबांना मी डोळ्यांनी पाहिलेल्या माणसांकडून ऐकलं आहे." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही. मात्र संविधानाच्या पानावरील उंचावलेले बोट त्यांना पटले. ते त्यांनी दोनदा पाहिले.

मासोळीचे पान दाखविणाऱ्या उपासिकांचे म्हणणे याहून वेगळे पडले. त्यांना चेहऱ्याची अडचण झालीच नाही. आम्ही मुद्दाम विचारले तेव्हा म्हणाल्या, "चेहरा कोणाचाही असो. मी लहानपणी विहिरीवर उभी राहायची, वरून कोणी पाणी ओतलं तर प्यायची. तेव्हा माझं पोट असंच व्हायचं." जो ग्रंथ परक्यांना समजावा म्हणून रचला गेला त्यात त्यांना स्वतःचे पोट सापडले. बसथांब्यावरील त्या तरुणाला ते सापडेल की नाही, आम्ही सांगू शकत नाही.

वाचनाची रीत आम्ही आता थोडी बदलली आहे. चित्रग्रंथ असेल त्या दिवशी पुस्तक ठेंगण्या मेजावर उघडे ठेवतो आणि सतरंजी अर्धवर्तुळात टाकतो. पंधरा माणसांपेक्षा अधिकांना चित्र दिसत नाही; उरलेल्यांची पाळी दुसऱ्या दिवशी येते. आधी सारे पान पाहतात, जे दिसेल ते बोलतात आणि मग आम्ही फुग्यांतील शब्द सांगतो. कधी कधी ते सांगण्याची गरज उरत नाही. 'पाणी' आणि 'निवारा' हे विभाग झाले. 'प्रवास' व्हावयाचा आहे. १९२९ सालच्या चाळीसगावच्या टांग्याचे पान जेथे येते तेथे कोणीतरी पिंपळाचे पान खूण म्हणून घालून ठेवले आहे.